बक्षिसाचे ई-मेल ब्लॉक करूनही परत येतात, तेव्हा काय करायचं

“ब्लॉक केलं भाऊ, तरी पुन्हा येऊन राहिलं.” नागपुरात मानेवाडा रस्त्यावरच्या माझ्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. दुकान ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, झेरॉक्स आणि किरकोळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं. लोक दाखल्यासाठी नाहीतर रेल्वेच्या तिकिटासाठी येतात आणि निघता निघता मोबाइल पुढे करतात, “हे जरा पाहा ना, खरं आहे का?” मेलमध्ये कधी साडेसात लाख पौंड असतात, कधी गाडी, कधी नुसतंच ‘तुमचा ई-मेल पत्ता सोडतीत निवडला गेला आहे’.

गेल्या नोव्हेंबरात एक निवृत्त शिक्षक हयातीच्या दाखल्यासाठी आले. ते काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून आधार, पॅन आणि पासबुक काढलं. “यांचं स्कॅन करून एका मेलला जोडून दे.” कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, “आहे एक आपलं काम.” चहा मागवला, जरा वेळ बसलो, तेव्हा कुठे त्यांनी चार पानांचं प्रिंट दाखवलं. वर अशोकस्तंभ, खाली दोन शिक्के. ‘कस्टम क्लिअरन्स’चे १८,५०० रुपये नऊ दिवसांपूर्वी भरून झाले होते. आता ‘अँटी मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’चे ४२,००० भरायचे होते आणि सोबत कागदपत्रं पाठवायची होती. घरी कुणालाच माहीत नव्हतं. रक्कम जमा होईपर्यंत गुप्तता पाळा, असं पत्रातच लिहिलं होतं.

तेव्हापासून कुणी मेलला जोडायला आधार-पॅनचं स्कॅन मागितलं की मी कारण विचारतोच. त्या शिक्षक काकांच्या निमित्ताने जे तपासलं आणि नंतर इतरांच्या खात्यांवर जे करून पाहिलं, ते इथे लिहितो आहे. उदाहरणं जीमेलची आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं खातं तेच असतं.

ब्लॉक का पुरत नाही

ब्लॉक एका पत्त्यापुरता असतो. बक्षिसाचे मेल पाठवणारा पत्ता मात्र पुढच्या वेळी बदललेला असतो, कधी भामटा दुसऱ्याच कुणाच्या चोरलेल्या खात्यातून पाठवतो. म्हणजे तुम्ही ज्याला ब्लॉक केलं, तो परत येतच नाही. त्याच्या जागी नवा येतो. अडचण त्याच्या पत्त्यात नसून तुमचा पत्ता त्यांच्या यादीत आहे, यात आहे.

यादीत पत्ता जायला फार काही लागत नाही. प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरताना आपण नाव, मोबाइल आणि ई-मेल लिहून पेटीत टाकतो. एखाद्या वेबसाइटचा डेटा फुटला की त्यातूनही पत्ते बाहेर पडतात. एकदा गेलेला पत्ता परत घेता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. पण तो पत्ता ‘जिवंत’ आहे, इथे माणूस मेल वाचतो, ही खबर आपणच देत असतो आणि ती मात्र थांबवता येते.

रागाने ‘पुन्हा मेल पाठवू नका’ असं उत्तर देणं ही पहिली खबर. मेलच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’वर बोट ठेवणं ही दुसरी. ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातीला ते बटण चालतं, पण भामट्याच्या मेलमधलं बटण भामट्यानेच बसवलेलं असतं. तिसरी खबर तर आपल्या नकळत जाते. मेलमध्ये एखादं टिकलीएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. मेल उघडताना ते त्यांच्या सर्व्हरवरून ओढलं जातं आणि मेल वाचला गेल्याची नोंद तिकडे होते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘इमेजेस’ या ठिकाणी ‘बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा’ असा पर्याय आहे. तो लावला की हा रस्ता बंद होतो. दुकानात आलेल्या ज्येष्ठांच्या खात्यावर मी सगळ्यात आधी हेच लावून देतो.

मग ब्लॉकऐवजी काय? मेल न उघडता निवडायचा आणि ‘रिपोर्ट स्पॅम’ करायचं. त्यात कागदपत्रं, पासवर्ड किंवा पैसे मागितले असतील तर कॉम्प्युटरवर मेलच्या तीन टिंबांत ‘रिपोर्ट फिशिंग’ आहे, ते वापरायचं. नुसतं डिलीट केल्याने जीमेलच्या स्पॅम ओळखणाऱ्या गाळणीला काहीच कळत नाही. स्पॅम म्हटल्यावर ती त्या मेलची घडण, त्यातल्या लिंका, पाठवणारा सर्व्हर अशा बऱ्याच गोष्टी लक्षात घेते. पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. दोन-तीन आठवडे चिकाटीने केलं की इनबॉक्समध्ये येणारे मेल स्पॅमच्या फोल्डरात पडू लागतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. हल्ली बक्षिसाची बातमी गूगल कॅलेंडरच्या आमंत्रणातून येते, आणि मोबाइल थेट आठवण करून देतो की ‘आज चार वाजता बक्षीस वितरण’. घरातल्या मोठ्यांना वाटतं, मोबाइलच सांगतोय म्हणजे खरं असेल. कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये आमंत्रणं ‘फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्याकडून’ आपोआप घ्यावीत असा पर्याय निवडा.

नवीन ठिकाणी पत्ता द्यायचाच असेल तर जीमेलची एक सोय कामाची आहे. आपल्या नावानंतर, ॲटच्या आधी, अधिकचं चिन्ह टाकून कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. प्रदर्शनाच्या कूपनवर नाव अधिक ‘कूपन’ असं लिहिलं आणि उद्या त्या पत्त्यावर बक्षीस आलं, तर गळती कुठून झाली ते समजतं. त्या पत्त्यावर येणारं सगळं थेट कचऱ्यात जाईल असा फिल्टरही लावता येतो.

मेल तपासायचा कसा

पाठवणाऱ्याचं नाव काहीही ठेवता येतं. ‘रिझर्व्ह बँक’ असं नाव दिसलं तरी त्यावर बोट ठेवून खालचा खरा पत्ता पाहा. नंतर ‘रिप्लाय टू’ पाहा. बक्षिसाच्या मेलमध्ये बहुतेकदा पाठवणारा एक असतो आणि उत्तर जाणार असतं दुसरीकडेच, एखाद्या फुकटच्या मेल खात्यावर. ‘टू’ या जागी तुमचा पत्ता नसेल, तर हेच पत्र तुमच्यासोबत आणखी किती जणांना गेलं असेल याचा विचार करा.

पत्ता किंवा लिंक उजवीकडून वाचायची सवय लावून घ्या. ॲटच्या नंतरचे, किंवा लिंकमध्ये सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे, अगदी शेवटचे दोन-तीन तुकडे मालक सांगतात. सुरुवातीला बँकेचं पूर्ण नाव असेल आणि शेवट अनोळखी शब्द, मग ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ असा होत असेल, तर ती जागा बँकेची नाही. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्यामुळे बँकेची वेबसाइट ओळखणं आता सोपं झालं आहे. सरकारी पत्त्यांचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो.

याहून खोलात जायचं तर कॉम्प्युटरवर तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. मोबाइलच्या ॲपमध्ये ते मिळत नाही. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या तपासण्यांच्या तीन ओळी आणि त्यांपुढे पास किंवा फेल दिसतं. बँकेच्या नावाचा पत्ता आणि डीमार्क फेल, असं असेल तर विषय संपला. उलट्या बाजूने मात्र चुकू नका. पासचा अर्थ इतकाच, की मेल खरोखर त्या पत्त्याच्या मालकीच्या ठिकाणाहून निघाला. भामट्याने स्वतःच्या जीमेल खात्यावरून पाठवला तर तिन्ही ठिकाणी पासच येणार. काकांच्या मेलवरही तिन्ही पास होते, आणि त्यांच्या ओळखीतल्या एका तरुणाने तेवढं बघून ‘ठीक दिसतंय’ असं सांगितलं होतं.

भाषेवरून ओळखायचे दिवस मात्र गेले. पूर्वी मेल चुकांनी भरलेले असत. त्यामागेही हिशेब होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एका निबंधात तो मांडला. मेल जितका अविश्वसनीय, तितकी शंकेखोर माणसं आपोआप गळतात. उरलेल्यांपैकी जो उत्तर देतो, तो पैसे देण्याची शक्यता जास्त, म्हणून भामट्याचा वेळ वाचतो. मला हे पटतं, आणि म्हणूनच ‘असल्या मेलला कोण फसतं’ हे वाक्य मला सहन होत नाही. एकटा, आजारी, मुलीच्या लग्नाच्या किंवा कर्जाच्या काळजीत असलेला माणूस शोधण्यासाठीच ती चाळणी लावलेली असते. आता मेल शुद्ध मराठीतसुद्धा येतात, तेव्हा शुद्धलेखनावर भरवसा ठेवू नका.

जोडलेली फाइल उघडू नका. शेवटी ‘एचटीएमएल’ किंवा ‘झिप’ असेल तर अजिबातच नाही. एचटीएमएल फाइल उघडली की हुबेहूब जीमेलसारखं पान येतं आणि पासवर्ड मागतं.

पैसे कुठून कुठे जात आहेत

हे सगळं तांत्रिक तपासणं नको वाटत असेल तर एवढंच पाहा, की पैसे कोण कुणाला देणार आहे.

काकांच्या पत्रात रक्कम ‘रिझर्व्ह बँक, परकीय चलन विभाग, नवी दिल्ली’ इथे जमा असल्याचं लिहिलं होतं. मी म्हटलं, “काका, रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय मुंबईला. आणि आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये संविधान चौकात तिची इमारत आहे, तुम्ही अजून त्याला आरबीआय चौकच म्हणता. त्या इमारतीत तुमच्या कुणा ओळखीच्याचं बचत खातं आहे का?” ते काही बोलले नाहीत. रिझर्व्ह बँक सरकारचं आणि बँकांचं बँकिंग पाहते. सामान्य माणसाच्या नावाने बक्षिसाची रक्कम ठेवून घेण्याचं काम ती करत नाही. तिने स्वतः अशा मेलबद्दल अनेकदा जाहीर इशारे दिले आहेत.

कराचं नाव सांगून पैसे मागणारे जास्त घातक, कारण त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं असतं. लॉटरीच्या किंवा स्पर्धेच्या १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर आपल्याकडे ३० टक्के कर कापला जातो हे खरंच आहे. पण तो देणारा कापून घेतो, उरलेले पैसे तुम्हाला देतो आणि कापलेल्या कराची नोंद तुमच्या पॅनवर दिसते. गाडीसारखी वस्तू बक्षीस असेल, तर ती हातात देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री देणाऱ्याने करून घ्यायची असते. भामटे नेमका हा नियम पुढे करतात. तो कर सरकारकडे चलनाने जातो. कुठल्या ‘क्लेम मॅनेजर’च्या यूपीआयवर सरकार कर घेत नाही.

परदेशी लॉटरीचं म्हणाल, तर भारतातून लॉटरीच्या तिकिटासाठी किंवा स्वीपस्टेकसारख्या बक्षिसाच्या सोडतीसाठी बाहेर पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. आपल्या राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे, पण तिथेही तिकीट विकत घ्यावं लागतं आणि बक्षीस मागायला मूळ तिकीट दाखवावं लागतं. तिकीट न घेता ई-मेल पत्त्याला लागणारी लॉटरी कुठेच नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

गुप्ततेचं कलम आलं, की मी पुढचं वाचतच नाही. खरं बक्षीस देणाऱ्याला फोटो हवा असतो, जाहिरात हवी असते. गुप्तता त्यालाच हवी, ज्याचं काम तुमच्या पोराच्या एका प्रश्नाने बिघडतं.

उत्तर दिलं असेल, पैसे गेले असतील

फक्त उत्तर दिलं असेल तर पुढचं उत्तर देऊ नका, एवढं पुरे. ‘मी पोलिसांत जातो’ असंही लिहू नका.

पासवर्ड दिला असेल तर लगेच बदला आणि इतर सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. इथे बरेच जण थांबतात आणि त्रास चालू राहतो. सेटिंग्जमधला ‘फॉरवर्डिंग’चा भाग आणि ‘फिल्टर्स’ उघडून बघा. चोर आत आला असेल तर तुमच्या मेलची प्रत स्वतःकडे जाईल अशी सोय तो तिथे करून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी ती तशीच राहते. ती काढा, रिकव्हरीचा मोबाइल नंबर आपलाच आहे ना ते पाहा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. दुसऱ्याला आपला मोबाइल दुरून चालवू देणारं एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावलं असेल तर आधी इंटरनेट बंद, मग ॲप काढणं.

आधारची प्रत गेली असेल तर आधारच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. पॅन गेलं असेल तर आपल्या नावावर कर्ज निघालं का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला फोन. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत, उद्या बँक उघडेपर्यंत थांबू नका. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे व्यवस्थेचा क्रमांक आहे. तिथून माहिती संबंधित बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे ते रोखण्याचा प्रयत्न होतो. भामटे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून भराभर पुढे सरकवतात, म्हणून इथे तास मोजावे लागतात. फोनवर व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचं खातं किंवा यूपीआय विचारतात, ते लिहून हाताशी ठेवा. मग आपल्या बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार स्वतःच्या चुकीने गोपनीय माहिती दिली असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर सविस्तर तक्रार. पोलीस ठाण्यातही जाता येतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही. कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

पुरावा कागदावर छापून नेऊ नका, किंवा नुसता कागद नेऊ नका. प्रिंटमध्ये आणि स्क्रीनशॉटमध्ये मेलचा प्रवास दिसत नाही. ‘शो ओरिजिनल’ उघडल्यावर तिथेच मूळ मेसेज डाउनलोड करायचं बटण आहे. ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. काकांना त्या ‘मॅनेजर’ने प्रिंट काढून मेल डिलीट करायला सांगितलं होतं आणि त्यांनी तसं केलंही होतं. नशीब की जीमेल ट्रॅशमधला मेल ३० दिवस ठेवतं. नऊ दिवसच झाले होते, सातही मेल तिथे सापडले.

१९३० ला फोन त्यांनी माझ्याच दुकानातून लावला. ४२,००० वाचले, कारण ते गेलेच नव्हते. १८,५०० ज्या खात्यात गेले, ते तोवर रिकामं झालं होतं. वेळेत रोखले गेले असते तर परत मिळण्याची वाट होती. बाहेर पडताना ते म्हणाले, “पैसे गेले ते गेले, पण पोरगा काय म्हणेल?” मी त्यांच्यासमोर मुलाला फोन लावला आणि आधी एवढंच सांगितलं, की बाबांना रागावू नकोस. पहिल्या दिवशी त्यांना घरी विचारता आलं असतं तर हे १८,५०० सुद्धा वाचले असते, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरी आई-बाबांचा मेल सुरू असेल, तर महिन्यातून एकदा त्यांच्याजवळ बसून स्पॅमचं फोल्डर पाहा. त्यांचा मोबाइल हिसकावून घेऊन नाही, त्यांच्या शेजारी बसून.

पैसे गेल्यानंतर येणारा मेल

एकदा पैसे दिलेल्यांची यादी वेगळी असते आणि ती जास्त किमतीची असते. काही आठवड्यांनी त्याच पत्त्यावर दुसरा मेल येतो: तुमची फसवणूक झाल्याचं आम्हाला कळलं आहे, आम्ही सायबर विभागाकडून किंवा वकिलांच्या फर्मकडून बोलतो, रक्कम सापडली आहे, परत मिळवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा. त्यात तुमची गेलेली रक्कम आणि तारीख बरोबर लिहिलेली असते, म्हणून विश्वास बसतो. ती बरोबर असते कारण लिहिणारे तेच असतात, किंवा त्यांनी माहिती विकलेली असते. पोलीस तक्रारीसाठी शुल्क घेत नाहीत, आणि १९३० वरून पैसे भरायला सांगणारा फोन येत नाही.

काकांना तो मेल जानेवारीत आला. १८,५०० चा आकडा, तारीख, सगळं होतं, आणि ‘फाइल उघडण्यासाठी’ ५,९०० रुपये मागितले होते. त्यांनी तो घरी मुलाला दाखवला. दोघांनी मूळ फाइल डाउनलोड केली, जुन्या तक्रारीचा क्रमांक घेऊन सायबर पोलिसांकडे नेऊन दिली, आणि मग ‘रिपोर्ट फिशिंग’ केलं.